डागल्याचे व्रण, तीन, जुने

दाखला देण्यात येतो की, इसम नामे बद्रीनाथ कडूबा पठाडे, वय वर्षे वीस, धंदा विद्यार्जन, राहणार मौजे करमाड, तालुका व जिल्हा औरंगाबाद, हा बारावी विज्ञान परीक्षा उत्तीर्ण असून वैद्यकीय शिक्षणास सर्वार्थाने पात्र आहे. वर्ण सावळा. बांधा मध्यम. वर्तणूक उत्तम. मध्यंतरी शिक्षणात दोन वर्षे खंड, कारण प्रकृतिअस्वास्थ्य (कावीळ). ओळखीची खूण: पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगास, डागल्याचे व्रण, तीन, जुने. सबब हा दाखला.

एवढ्या मजकुरात नाव, गाव, वय, बारावी पास आणि सावळा रंग या गोष्टी खऱ्या होत्या. बांधा काही मध्यम नव्हता. बद्रीनाथ काडीसारखा होता. पण 'बांधा मध्यम' हे कारकून सगळ्यांनाच लिहीत असे. तसं लिहिलं की माणसाकडं बघावं लागत नाही.

दोन वर्षांचा खंड कशानं पडला, हे करमाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चौऱ्याऐंशी सालच्या मार्चात बद्रीनाथ बारावीला बसला. त्याचं परीक्षा केंद्र कुठल्या गावी होतं ते इथं सांगत नाही. सांगितलं तर आसपासच्या दहा-बारा गावांना आपलं नाव राहून गेलं म्हणून वाईट वाटेल. परीक्षेच्या दिवसांत त्या गावाला उरुसाची कळा यायची. शाळेच्या भिंतीवर भाऊ, खिडकीशी मेहुणे, लिंबाच्या झाडावर एखादा उत्साही चुलता. रसवंतीवाला गाडा घेऊन यायचा. शेजारच्या खोलीत विषयाचे मास्तर पेपर सोडवायचे आणि उत्तरं वर्गात जायची ती पाण्यावाटे. पाणीवाला तबकात ग्लास घेऊन फिरे आणि ग्लासाच्या ओल्या बुडाला चिठ्ठी चिकटवलेली असे. पाण्याला कुणी अडवत नाही. तहानलेल्याला पाणी पाजणं पुण्याचं काम.

बद्रीनाथची व्यवस्था कारभारी मामांकडं होती. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. वकील नव्हते, पण अदालत रोडवर इतकी वर्षं उठबस केलेली की वकिलांना वाट दाखवत. फिजिक्सच्या दिवशी मामांनी एक दक्षता घेतली. आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या पोराच्या पदरात पडू नये म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर लिहिलं, 'बद्रीला दे'. नेमकं त्याच दिवशी भरारी पथक आलं. जीपमधून उतरलेले साहेब उन्हानं करपलेले होते. त्यांनी तबकातला पहिलाच ग्लास उचलला, घटाघट प्यायले आणि ग्लास पालथा घालताना थांबले.

"बद्री कोण?"

वर्गातल्या चाळीस पोरांनी चाळीस बोटं उचलली. प्रत्येकाच्या दुसऱ्या हाताखाली त्याची त्याची चिठ्ठी होती. पर्यवेक्षकांनीही बोट उचललं. त्यांना आदल्या रात्री बद्रीनाथच्याच घरी कोंबडी झाली होती.

बोर्डानं निकाल रद्द केला आणि पुढच्या तीन परीक्षांना बसायची मनाई केली. कॉपी केल्याचं बद्रीनाथला फारसं काही वाटलं नाही. सातवीपासून त्याला शाळा म्हणजे असंच असतं असं सांगितलेलं होतं. त्याच्या डोक्यात बसली ती बोटं. पुढं कितीतरी दिवस कुणी रस्ता दाखवायला जरी बोट वर केलं, तरी तो मान खाली घालायचा.

कडूबांनी त्याला मोसंबीच्या बागेवर ठेवलं. तिथं मोटारीच्या खोलीत पुस्तकं होती. उंदीर त्यांचं वाचन करत होते. उंदरांनी सोडलेलं बद्रीनाथ वाचू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. लाइट गेली की मोटार बंद, मोटार बंद म्हणजे काम बंद, आणि लाइट तर सारखीच जायची. यकृताचं प्रकरण त्यानं चारदा वाचलं. एवढा एक मांसाचा गोळा इतकी कामं निमूट करतो आणि बाहेर कुणाला पत्ताही नसतो, याचं त्याला नवल वाटलं. मनाई संपल्यावर तो शहरातल्या केंद्रावर परीक्षेला बसला. तीन प्रश्न येत नव्हते, ते कोरे सोडले. एक्कावन्न टक्के पडले.

घरावर अवकळा आली. कडूबा लोकांना 'सत्तरच्या आसपास' असं सांगू लागले. त्या एक्कावन्नातला प्रत्येक गुण पोराचा स्वतःचा आहे, ही गोष्ट घरातल्या माणसांना पोरगं व्यसनी निघावं तशी लपवावीशी वाटत होती.

डॉक्टर व्हायचं हे कडूबांचं ठरलेलं होतं. पोलीस ॲक्शनच्या साली ते पाळण्यात होते, आणि कळतं झाल्यापासून त्यांची एकच तक्रार होती: निजाम गेला, त्याचे अंमलदार गेले, पण त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकही पठाड्यांच्या घरात आली नाही. त्या सुमारास पैसा घेऊन डॉक्टर करणारी कॉलेजं जागोजाग उगवत होती. पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता दोन वर्षांचा. अर्जात खंडाचं कारण लिहावं लागे, आणि मुलाखतीला एक म्हातारी डॉक्टरीणबाई बसते, ती खंडावर फार खोदून विचारते, अशी बातमी होती.

बद्रीनाथलाही डॉक्टर व्हावंसं वाटू लागलं होतं, पण त्याची त्यात एक मेख होती. ती कॉपी आणि हे एक्कावन्न टक्के, दोन्ही समोर ठेवून कुणीतरी त्याला हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. नाही म्हटलं तरी चाललं असतं. मोसंबीला पाणी द्यायला माणूस लागतोच.

"सरळ सांगू की," तो ओसरीवरच्या बैठकीत म्हणाला. "कॉपीत सापडलो होतो. नंतर माझा मी पास झालो."

कारभारी मामांनी तंबाखू मळायची थांबवली. "ऐकलं का दाजी? तुमचा पोरगा हरिश्चंद्र झाला. आरं, हरिश्चंद्राला मसणवटा भेटला, ॲडमिशन नाय भेटली."

"त्याला काय कळतंय," कडूबा म्हणाले. "कारण शोधा कारण."

"कारण काय, आजार. आजाराला कोण नाय म्हणंल?"

आजार आणायला तिघं शहरात गेले. पैठण गेटला डॉ. सदाशिव टाकळकरांचा दवाखाना होता, माडीवर. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, वर भिंतीवर धन्वंतरी. टाकळकरांचा हात सर्टिफिकेटात बसलेला होता. नोकरदारांच्या रजा आणि तारखा चुकवणारे आरोपी यांच्यावर त्यांचा संसार उभा होता. त्यांनी पॅड पुढं ओढलं आणि शिंप्यानं कापड विचारावं तसं विचारलं, "कोणता देऊ?"

"टायफॉईड?" मामा म्हणाले.

"टायफॉईड दोन वर्षं चालत नाही हो."

"मग दोन लिवा."

"टीबी देतो. टीबीला दोन वर्षं सहज जातात."

"टीबी नगं!" कडूबा खुर्चीतून उठलेच. "पोराचं लगीन व्हायचंय अजून."

"डोक्याचं काही?"

"डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यात डोक्याचं कायी नाय."

"ते दिसतंच आहे," टाकळकर म्हणाले आणि विचारात पडले. "कावीळ लिहितो. उलटलेली. एक उतरली, दुसरी चढली, पुढं अशक्तपणा. बसतं दोन वर्षांत."

आजार बसला. एवढ्या वेळात टाकळकरांनी बद्रीनाथकडं पाहिलं नव्हतं. शिक्का मारून झाल्यावर पाहिलं. "वजन कमी दिसतंय तुझं. जेवत जा," ते म्हणाले. त्या माडीवर त्या दिवशी झालेलं वैद्यकीय काम एवढंच. मग आठवण होऊन त्यांनी विचारलं, "मेडिकलला जातोयस ना? छान. पवित्र पेशा आहे."

खाली आल्यावर बद्रीनाथनं चहाच्या टपरीवर चूळ भरली. एकदा भरली, दोनदा भरली. तोंडाची चव जाईना.

इथवर जे झालं ते जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात झालं असतं. पुढचं मात्र कारभारी मामांच्या अदालती बुद्धीचं फळ. परतीच्या जीपमध्ये ते म्हणाले, "कागद तर सगळेच आणतेत. बाई इचारणार, कावीळ झाली याला पुरावा काय? निस्त्या कागदावर कोर्टात कुत्रं इचारत नाय. कागदाला साक्षीदार लागतो."

"आता काविळीला कुठून आणायचा साक्षीदार?" कडूबांनी विचारलं.

मामांनी बद्रीनाथच्या पोटाकडं पाहिलं.

आपल्याकडं कावीळ झाली की डाग देतात, हे खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. दाभण निखाऱ्यात लाल करायचं आणि पोटावर टेकवायचं. कावीळ त्या वाटेनं निघून जाते अशी समजूत. ज्याची निघून जाते तो गावभर सांगतो, ज्याची जात नाही तो सांगायला उरत नाही, त्यामुळं उपायाची कीर्ती अबाधित आहे. कडूबांची आत्या दगडाबाई या कामात पंचक्रोशीत नावाजलेली होती. मुलाखत आठ दिवसांवर आली असताना बद्रीनाथला तिच्यापुढं बसवलं.

दगडाबाईनं त्याची पापणी खाली ओढली. नखं पाहिली. मग दाभण बाजूला ठेवलं. "ह्याला कुठं कावीळ हाय? डोळं तर पांढरंफेक दिसतेत."

"कावीळ नाय आत्या," कडूबा म्हणाले.

"मंग डाग काहून द्यायचा? बिनकाविळीचा डाग म्या जलमात दिला नाय."

बद्रीनाथला वाटलं, सुटलो. अख्ख्या खटल्यात एक माणूस तरी आपल्या कामाला धरून आहे.

"आत्या, कागदासाठी पायजे," मामा म्हणाले.

"कागदासाठी व्हय?" म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "मंग आधी नाय का सांगायचं! काविळीला एक पुरतो. कागदाला तीन देते. लांबून दिसाया पायजे."

आणि तिनं तीन दिले. कडूबांनी पोराचे हात धरले होते, मामांनी पाय. पहिल्याला बद्रीनाथ ओरडला. दुसऱ्याला त्याला वास आला, आणि आपलाच वास आहे हे कळायला क्षणभर लागला. तिसऱ्याचं त्याला फारसं आठवत नाही. आवडाबाई, त्याची आई, दाराआड पदर तोंडात धरून रडत होती आणि रडता रडता विचारत होती, "दिसतेत का पण नीट?"

चौथ्या दिवशी डाग चिघळले. आईनं हळद भरली. शेजारणीनं चुन्याची निवळी सांगितली. दगडाबाईनं राख पाठवली. हळद, चुना आणि राख यांचा एक लगदा होऊन तो बनियनला चिकटे. सकाळी बनियन काढताना खालची खपली बरोबर येई आणि वास घरभर सुटे. ताप चढू लागला. आपल्याला न झालेला आजार सिद्ध करताना आपण आजारी पडलो आहोत, हे बद्रीनाथच्या ध्यानात आलं. त्याला हसू आलं असतं, पण हसलं की पोट दुखायचं.

कॉलेज शहराबाहेर माळावर होतं. कमान संगमरवरी, मागं पत्र्याच्या शेडा. कमानीवर 'सर्व सोयींनी युक्त सुसज्ज रुग्णालय' असं कोरलेलं. खाटा होत्याही, एकीवर एक रचून ठेवलेल्या, प्लास्टिक न काढता. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते मधल्या खुर्चीत. डावीकडं डॉ. दमयंती पाटोदेकर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, नाकावर चष्मा, हातात बद्रीनाथची फाइल. कडूबा आणि मामा भिंतीकडेच्या बाकावर. पालकांना आत बसू देत असत, कारण मुलाखत खरी त्यांचीच असे.

"कावीळ," दमयंतीबाई फाइलवरून म्हणाल्या. "कावीळ म्हणजे काय, सांगशील?"

बद्रीनाथनं सांगितलं. तांबड्या पेशी मोडतात तेव्हा पिवळं द्रव्य तयार होतं, यकृत ते पित्तात सोडतं, यकृत सुजलं किंवा वाट तुंबली की ते रक्तात साठतं, म्हणून डोळे पिवळे दिसतात. कावीळ हा आजार नव्हे, आजाराचं लक्षण आहे. न अडखळता सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. भाऊसाहेबांनीही क्षणभर कान टवकारले. त्या खोलीत उत्तर येण्याची सवय कुणाला नव्हती.

"हे कुठं शिकलास?"

"बागेत," बद्रीनाथ म्हणाला.

त्याला वाटलं, आता त्या गुणपत्रिका काढतील. एक्कावन्न बघतील. बाईंनी फाइल उघडलीही. पण त्यांचं नाक मध्येच थांबलं. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाला पू नाकानं कळतो.

"इकडं ये. ताप आहे तुला. शर्ट वर कर."

बनियन सुटेना. शेवटी सुटलं, आणि त्याच्याबरोबर बरंच काही सुटलं. भाऊसाहेबांनी खिशातला अत्तराचा रुमाल नाकाला लावला.

"कधीचे डाग?"

"दोन वर्षांचे, बाई," मामा बाकावरून म्हणाले. "कावीळ झाली तव्हाचे."

"दोन वर्षांचा डाग पांढरा पडतो. त्यातून पू येत नाही."

मामा क्षणभरच गडबडले. "उलटला असंल, बाई. कावीळ उलटली तसा."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "मला सांग," त्या बद्रीनाथला म्हणाल्या. "यकृत तुला एवढं कळतं. आणि हे पोटावर घेतलंस? अशी किती पोरं माझ्यापुढं मेली आहेत माहीत आहे? काविळीनं नव्हे, ह्या दाभणानं."

"मला कावीळ झालीच नव्हती," बद्रीनाथ म्हणाला.

बाकावर हालचाल झाली. "बद्र्या!" कडूबा दबक्या आवाजात म्हणाले.

"कॉपीत सापडलो होतो. फिजिक्सला. बोर्डानं बसू दिलं नाही. मग बागेत वाचलं. एक्कावन्न टक्के आहेत ते माझे आहेत. तीन प्रश्न आले नाहीत, ते सोडले. तेवढं बघा आणि काय ते सांगा."

गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा बद्रीनाथच्या तोंडाची चव नीट होती. ती पाच-सात सेकंद टिकली.

भाऊसाहेब हसले. मनापासून हसले, पोट हलेपर्यंत. "वा! पोरगं खरं बोलतं. कडूबा, पोरगं चांगलं आहे तुमचं. डॉक्टरानं असंच बोलावं पेशंटशी." मग कारकुनाकडं वळून, त्याच सुरात, "लिहून घ्या. कावीळ."

"भाऊसाहेब, ही जखम आठवड्याची आहे," दमयंतीबाई म्हणाल्या.

"बाई, कोर्स साडेपाच वर्षांचा आहे. तोवर होईल की जुनी."

बद्रीनाथ दमयंतीबाईंकडं बघत राहिला. खोलीत एवढा एक माणूस उरला होता. त्यांनी फाइल मिटली. गुणपत्रिका आतच राहिली. "आधी हे धुवायला हवं," त्या म्हणाल्या आणि दाराशी उभ्या शिपायाला हाक मारली. "गफूर, कापूस आण. स्पिरिट आण."

"कापूस नईं मॅडमसाब," गफूर म्हणाला. "इन्स्पेक्शनके दिन आया था ना, उसके दूसरे दिनच वापस गया. दुकानवाला लेके गया."

"पट्टी?"

"वो बी उसकेच साथ गई."

बाईंनी पर्समधून स्वतःचा रुमाल काढला, घडी केला, माठातल्या पाण्यात भिजवून त्याच्या पोटावर ठेवला आणि त्याचा हात त्यावर दाबून धरायला लावला. हात हलका होता. मग त्यांनी पेन उघडलं आणि शिफारशीच्या रकान्यात सही केली. निवृत्तीनंतर त्यांना ही खुर्ची भाऊसाहेबांनी दिली होती. रुमाल आणि सही, दोन्ही एकाच हातानं झाली, मध्ये हात पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. ते पाहून बद्रीनाथनं मान खाली घातली, बोटांच्या वेळेला घातली होती त्याहूनही खाली. नाही म्हणणारं माणूस जिल्ह्यात शिल्लक नव्हतं. कारकुनानं कागद पुढं केला तेव्हा त्यानंही सही केली.

पुढं बद्रीनाथ रीतसर डॉक्टर झाला. जालना रोडला त्याचा दवाखाना आहे. बरा चालतो. हाताला गुण आहे म्हणतात. त्याच्याकडं अजूनही पोटावर डाग घेऊन काविळीचे रोगी येतात, उशिरा, डोळे हळदीसारखे झाल्यावर. दुसरे डॉक्टर त्यांना शिव्या घालतात. बद्रीनाथ घालत नाही. मान खाली घालून जखम धुतो. लोक म्हणतात, डॉक्टर आपल्यातलाच माणूस, गर्व कसा तो नाय. एक गोष्ट मात्र तो करत नाही. टेबलावर पॅड आहे, शिक्का आहे, पण सर्टिफिकेट मागायला कुणी आला की त्याला पैठण गेटची माडी दाखवतो. टाकळकरांचा मुलगा तिथं बसतो आता.

त्याला कावीळ झाली होती, हे करमाडात सर्वमान्य आहे. बोटं दाखवणाऱ्या चाळिसांपैकी दोघे-तिघे त्याचेच रोगी आहेत, आणि तेही 'तुमच्या काविळीच्या वेळंला' असं म्हणून गोष्टी सांगतात. दगडाबाई मरेपर्यंत सांगत होती की, डॉक्टर जगला तो तिच्या हातानं. आवडाबाईला तर तो पिवळा पडलेला आठवतो.

त्या दिवशी सही झाल्यावर कारकुनानं दाखला भरायला घेतला. बद्रीनाथ पोटाशी रुमाल धरून पुढं उभा होता. ओळखीची खूण या रकान्याशी कारकून थांबला आणि वर न पाहता म्हणाला, "डागाचं वय?"

"जुने लिवा," मामा म्हणाले.

त्यानं लिहिलं, जुने. रुमाल बदलावा लागला, कारण जखम वाहत होती.